भिंतीतली जुनी कोॲक्स: ठेवायची, कॅट-सिक्स ओढायची, की फायबर घ्यायचं?

नागपूरच्या प्रतापनगरातलं दुमजली घर, बांधकाम २००६चं. त्या काळच्या चांगल्या सवयीप्रमाणे प्रत्येक खोलीत टीव्हीसाठी पाइप टाकलेला आणि त्यातून काळी वायर, म्हणजे कोॲक्स, ओढलेली. मे महिन्यात मी तिथे पोचलो तेव्हा घरमालक काका स्टुलावर बसून त्या वायरचं भिंतीतून लोंबणारं टोक हातात धरून होते. "भाऊ, हे वायर फेकून देऊ का? दहा वर्षांपासून नुसतं लटकून राहिलं."

मुलगा पुण्याच्या कंपनीत, काम घरून, बसायची खोली वरच्या मजल्यावर. फायबरचा, म्हणजे काचेच्या तारेवरून येणाऱ्या इंटरनेटचा, डबा खाली हॉलमध्ये. मधे स्लॅब, जिन्याची भिंत आणि खिडकीत पत्र्याचा मोठा कूलर. वर वाय-फायची एक काडी येते, तीही कूलर बंद असताना, असं मुलाचं म्हणणं. पत्र्याची टाकी आणि त्यातलं पाणी दोन्ही वाय-फायचे वैरी आहेत, त्यामुळे ते अगदीच खोटं नव्हतं.

उन्हाळा लागला की हा प्रश्न मला घरोघरी ऐकू येतो. माझं मत आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना पुढचं वाचायचं नाही त्यांची सुटका होईल: नेटवर्कसाठी आज नवी कोॲक्स टाकू नका. पण भिंतीत जी आहे, ती तपासल्याशिवाय कापूही नका.

आधी ती सोलून बघा

काकांसमोरच मी कटरने टोक सोललं. वरचं काळं आवरण निघालं की बारीक तारांची विणलेली जाळी दिसते. ती मागे सारली की ॲल्युमिनियमची पातळ पन्नी. तिच्या आत पांढरा फोम, दाबला तर किंचित दबणारा. आणि फोमच्या बरोबर मध्यभागी एक मिलिमीटर जाडीची एकच सरळ तार. आवरणावर 'आरजी-६' असं छापलेलं होतं. डिश किंवा केबल टीव्हीला हीच येते.

'कोॲक्सियल' म्हणजे एकाच अक्षावरची. मधली तार आणि बाहेरची जाळी यांचा मध्यबिंदू एकच असतो, आणि सगळी करामत त्यातच आहे. सिग्नल मधल्या तारेतून एकटा धावत नाही. तो तार आणि जाळी यांच्यामधल्या फोमच्या जागेत लाट बनून धावतो, प्रकाशाच्या वेगाच्या साधारण ८० ते ८५ टक्के वेगाने. जाळी दुहेरी काम करते: परतीची वाट तीच आणि कुंपणही तीच. आतलं बाहेर जाऊ देत नाही, बाहेरचं आत येऊ देत नाही. ब्रिटनमध्ये ऑलिव्हर हेविसाइडने १८८० साली या रचनेचं पेटंट घेतलं, म्हणजे संगणक जन्माला यायच्या कितीतरी आधी.

यातला 'इम्पीडन्स' हा शब्द लोकांना घाबरवतो. धावत्या लाटेला वायर जो अवरोध दाखवते, तो इम्पीडन्स. आरजी-६चा इम्पीडन्स ७५ ओहम. हा आकडा लांबीवर ठरत नाही. मधल्या तारेची जाडी, जाळीचा व्यास आणि मधला फोम, एवढ्यावरच ठरतो. एक मीटर तुकडा असो की शंभर मीटरचं बंडल, ७५ म्हणजे ७५. मल्टिमीटर लावून तो दिसत नाही. एक पोऱ्या मला म्हणाला होता, "भाऊ, हे तर ओपन दाखवून राहिलं, खराब आहे." ओपन म्हणजे वाट तुटलेली. पण वायर खराब नव्हती. दुसरं टोक मोकळं असेल तर ओपनच दाखवायला हवं. उलट तिथे काही ओहम दिसले, तर कुठेतरी खिळा घुसलाय किंवा जाळीची एखादी तार मधल्या तारेला टेकली आहे असं समजा.

इम्पीडन्स महत्त्वाचा का, तर तो जिथे बदलतो तिथून लाट थोडी मागे फिरते. ७५ ओहमच्या वायरला ५० ओहमची वायर जोडली तर लाटेच्या उंचीचा पाचवा हिस्सा जोडावरूनच उलटा परततो. टोक नुसतं उघडं सोडलं तर सगळीच परतते. हे मी पुस्तकात नंतर वाचलं. शिकलो बर्डीत.

टर्मिनेटर खिशात गेला

१९९७ साली सीताबर्डीच्या एका गल्लीत, एका कॉम्प्युटर क्लासच्या लॅबमध्ये मी पडेल ते काम करत होतो. बारा मशीन एका ओळीत. प्रत्येकाच्या मागे टी आकाराचा जोड, आणि या टी-पासून त्या टी-पर्यंत बोटाहून बारीक काळी वायर. ती आरजी-५८, ५० ओहमची. या पद्धतीला 'थिननेट' म्हणायचे. मानकाप्रमाणे एका तुकड्याची लांबी जास्तीत जास्त १८५ मीटर, त्यावर ३० मशीन, दोन जोडांमध्ये किमान अर्धा मीटर अंतर. वेग १० एमबीपीएस, तोही सगळ्यांत मिळून. ओळीच्या दोन्ही टोकांना अंगठ्याच्या पेराएवढी एकेक टोपी, म्हणजे टर्मिनेटर. तिच्या आत ५० ओहमचा रेझिस्टर.

एके दिवशी सगळी लॅब बंद. मशीन चालू, नेटवर्क नाही. सर आणि मी दुपारभर गुडघ्यांवर बसून एकेक टी हलवून बघत होतो. संध्याकाळी कळलं, शेवटच्या मशीनचा टर्मिनेटर जागेवर नाही. एका विद्यार्थ्याला तो छान दिसला म्हणून त्याने पिळून काढला आणि किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवला. एवढ्याने बारा मशीन बसल्या. टोक उघडं पडलं, सिग्नल तिथून आपटून परत आला आणि स्वतःच्याच मागून येणाऱ्या सिग्नलवर आदळला. प्रत्येक मशीनच्या नेटवर्क कार्डाला वाटलं, दुसरं कोणी बोलतंय, थांबा. त्या जुन्या इथरनेटचा, म्हणजे मशीन तारेने जोडायच्या पद्धतीचा, शिष्टाचारच तसा होता: आधी ऐका, तार मोकळी असेल तर बोला, टक्कर झाली तर थोडं थांबून परत बोला.

हे इथरनेट १९७३ साली झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या कामातून आलं, कोॲक्सवरच. १९८३च्या पहिल्या मानकात जाड केबल होती, ५०० मीटरपर्यंत जाणारी. तिच्या अंगात सुई खुपसून जोड घ्यायचा, म्हणून त्या जोडाला 'व्हॅम्पायर' नाव. ती मी कधी हाताळली नाही. बारीक केबल १९८५ची. आणि १९९०मध्ये पिळलेल्या जोड्यांच्या वायरवर १० एमबीपीएसचं मानक आलं, तेव्हा कोॲक्सचा ऑफिसातला मुक्काम हलला. माझ्या समजुतीप्रमाणे ती वेगात मागे पडली नव्हती. तिची अडचण एवढीच की एका ठिकाणी बिघडलं की सगळ्यांचं बिघडायचं. नव्या पद्धतीत प्रत्येक मशीनची वायर मधल्या डब्यापर्यंत स्वतंत्र, त्यामुळे एकाची तुटली तर एकच बसतो.

आज घर किंवा दुकान बघताना मी हाच निकष आधी लावतो. बिघाड कुठे होईल, आणि झाला तर किती जण अडकतील?

वेगाची तुलना, आणि तिच्यातली गंमत

लोकांना वाटतं कोॲक्स जुनी म्हणून हळू. वस्तुस्थिती उलटी आहे. वायर जितक्या वरच्या वारंवारतेपर्यंत चालते, तितका जास्त डेटा तिच्यात मावतो. कॅट-सिक्सची, म्हणजे नेहमीच्या लॅन वायरची, तपासणी २५० मेगाहर्ट्झपर्यंत होते, कॅट-सिक्स-एची ५००पर्यंत. भिंतीतली आरजी-६ हजार मेगाहर्ट्झच्या वरही काम करते. फक्त त्या वारंवारतेला सिग्नल लांबीबरोबर झपाट्याने विरतो: १ गिगाहर्ट्झला शंभर मीटरमध्ये सुमारे २० डेसिबल, म्हणजे एकच टक्का शक्ती पोचते. घरात वायर वीस-पंचवीस मीटर असते, तेवढ्यात काही बिघडत नाही.

म्हणून कोॲक्सवरून घरातलं नेटवर्क चालवणारे 'मोका' नावाचे डबे निघाले. दोन टोकांना दोन डबे, मधे जुनी टीव्हीची वायर. मोका २.५ची कमाल क्षमता २.५ गिगाबिट. ही क्षमता जोडलेल्या सगळ्या डब्यांत वाटली जाते, आणि उशीर दोन-चार मिलिसेकंदांचा लागतो. व्हिडिओ कॉलला तो जाणवतही नाही.

कॅट-सिक्स सरळ १ गिगाबिट देते, शंभर मीटरपर्यंत, दोन्ही दिशांनी एकाच वेळी, मधे कसलाही डबा न लावता. ५५ मीटरच्या आत १० गिगाबिटसुद्धा. चार जोड्या, प्रत्येक जोडी पिळलेली आणि प्रत्येकीचा पीळ वेगळा. बाहेरचा गोंगाट जोडीतल्या दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि पलीकडचं कार्ड दोन्हींतला फरकच वाचतं, त्यामुळे गोंगाट वजा होतो. कोॲक्स कुंपण घालून बचाव करते, ही पिळाने करते. म्हणूनच टोकाला आठ पिनांची क्लिप लावताना पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नका. आपल्याकडे दोन-दोन इंच उलगडून क्लिप मारतात आणि मग 'वायर खराब' म्हणतात.

मग मोका का घ्यायचा? जिथे कॅट-सिक्स ओढताच येत नाही, फक्त तिथे. लक्ष्मीनगरातल्या एका घरात संगमरवरी भिंतींना झिरी मारायला मालकीणबाई तयार नव्हत्या, वायर झाकायची पट्टी तर दिसलीही नको होती. तिथे मी मोका लावला, आणि त्यांचं चाललंय. पण डबे बर्डीच्या दुकानांत मला कधी सहज दिसले नाहीत, ऑनलाइन मागवावे लागले. त्या जोडीच्या पैशात बहुतेक वेळा कॅट-सिक्सचा ३०५ मीटरचा अख्खा खोका येतो, हेही लक्षात असू द्या.

मोकाच्या वाटेत दोन खड्डे आहेत. पहिला स्प्लिटर. टीव्हीच्या वायरवर कुठेतरी गच्चीत किंवा माळ्यावर एक चपटा डबा असतो, एकाचे दोन किंवा चार करणारा. दोनचा स्प्लिटर प्रत्येक वाटेला निम्म्याहून कमी शक्ती देतो. त्याहून मोठी अडचण त्याच्या पाठीवर छापलेली असते: '५ ते १००० मेगाहर्ट्झ'. मोका चालतो ११२५ ते १६७५ला. म्हणजे तो स्प्लिटर बदलावा लागतो, नाहीतर काढून सरळ जोड द्यावा लागतो.

दुसरा खड्डा डिशचा, आणि आपल्याकडे तोच जास्त भोवतो. छत्रीवरून खाली येणारा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असतो. मोकाचा पट्टा बरोबर त्याच्या पोटात. त्यामुळे ज्या वायरवर डिश चालू आहे, तिच्यावर मोका लावता येत नाही. केबलवाल्याचा सेट-टॉप बॉक्स असेल तर त्याचे चॅनेल खालच्या पट्ट्यात असतात, तिथे दोन्ही एकत्र नांदतात. फक्त घरात शिरणाऱ्या जागी मोकाचा फिल्टर लावा, नाहीतर तुमचं घरचं नेटवर्क केबलवाल्याच्या तारेवरून शेजाऱ्याच्या भिंतीपर्यंत जाऊन बसेल.

चुंबक जवळ ठेवा

कोॲक्सच्या मधल्या तारेला चुंबक लावला तर बऱ्याचदा चिकटतो. काका लगेच म्हणाले, "म्हणजे फसवलं ना आम्हाला त्यानं!" फसवलेलं नव्हतं. ती आतून पोलाद आणि वरून तांबं, अशीच बनवतात. उच्च वारंवारतेचा प्रवाह तारेच्या कातडीतूनच वाहतो. १०० मेगाहर्ट्झला तांब्यात तो जेमतेम सहा-सात मायक्रॉन खोल शिरतो. मग आत तांबं घालून उपयोग काय? पोलादाने ताकद येते, किंमत कमी होते.

हेच कॅट-सिक्समध्ये केलं तर मात्र ती शुद्ध फसवणूक. स्वस्तातल्या लॅन वायरमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. तिथे चुंबक कामाचा नाही. तार कटरच्या पात्याने खरवडा, आत चांदीसारखी पांढरी दिसली तर खोका दुकानात परत करा. कारण कॅट-सिक्सवरून आता वीजही पाठवतात, कॅमेऱ्याला, वाय-फायच्या डब्याला. २००३च्या मानकात प्रत्येक पोर्टला १५.४ वॅट, २००९मध्ये ३०, आणि २०१८पासून ९० वॅटपर्यंत. ही वीज सरळ वाहणारी, कातडीतून नाही, पूर्ण तारेतून जाते. ॲल्युमिनियमला जास्त अवरोध, म्हणून वायर तापते, आणि क्लिपमध्ये तार वाकली की तुटते. खोक्यावर 'सीसीए' लिहिलेलं असेल तर पुढे वाचायची गरज नाही. पण लिहिलेलं नसतं, हीच पंचाईत.

ऊन आणि जूनची वीज

नागपुरात वायर निवडताना पुण्या-मुंबईचे सल्ले अर्धेच लागू होतात. इथे मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो आणि गच्चीवरच्या काळ्या पाइपला दुपारी हात लावता येत नाही. कॅट-सिक्सचा शंभर मीटरचा हिशेब २० अंश तापमान धरून मांडलेला आहे. ४० अंशांपर्यंत दर अंशाला सिग्नलचा क्षय सुमारे ०.४ टक्का वाढतो, त्यापुढे ६० अंशांपर्यंत ०.६ टक्का. म्हणजे ६० अंशांच्या पाइपमध्ये वीस टक्के जास्त. तीस मीटरची वायर असेल तर विसरून जा. पण सोसायटीत नव्वद मीटर ओढून गच्चीवरून नेली, तर जानेवारीत चाललेली लाइन मेमध्ये दुपारी तीनला का पडते, याचं उत्तर इथे आहे. कोॲक्समध्ये ही वाढ निम्म्याच्या आसपास. फायबरला काच म्हणून उन्हाचं काही वाटत नाही.

आवरणाचंही तसंच. घरातली निळी-करडी कॅट-सिक्स गच्चीवरून नेली की दोन उन्हाळ्यांत तिचं पीव्हीसी तडकतं. बाहेरच्यासाठी काळ्या पॉलिथिलीन आवरणाची मागा. जुन्या कोॲक्सचा जीव बाहेर मात्र आवरणात नसतो, कनेक्टरमध्ये असतो. पिळून बसवलेला कनेक्टर पावसात गळतो, पाणी जाळीतून वातीसारखं मीटरभर आत चढतं. सोलल्यावर ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी दिसली तर तेवढा भाग कापून टाका, आणि नवा कनेक्टर दाबून बसवायचा घ्या.

आता वीज, म्हणजे आकाशातली. मृगाच्या आधीच्या वादळांत दरवर्षी माझ्याकडे जळलेले नेटवर्क स्विच, म्हणजे अनेक वायर जोडणारे डबे, येतात. मनीषनगरातल्या एका सोसायटीत दोन विंगच्या मधे कुणीतरी कॅट-सिक्स ओढली होती, वरून झाडाला बांधून. जूनच्या पहिल्या आठवड्यात वीज सोसायटीवर पडलीही नाही, जवळपास कुठेतरी पडली, आणि दोन्ही विंगचे स्विच गेले. दोन इमारतींची अर्थिंग वेगवेगळी असते. जवळ वीज पडली की जमिनीतल्या दोन ठिकाणांच्या विजेच्या दाबात मोठा फरक पडतो, आणि तो फरक भरून काढायला तुमची तांब्याची वायर आयतीच मिळते. कोॲक्स असती तरी तेच झालं असतं, जाळी म्हणजे धातूच.

म्हणून दोन इमारतींच्या मधे फायबर. अंतर वीस मीटर असलं तरी फायबर. यात मला दुसरं मत ऐकायचं नाही. एक बारकावा: आपल्याकडे खांबावरून येणाऱ्या चपट्या फायबरमध्ये वजन पेलायला पोलादाची तार असते. ती भिंतीबाहेरच्या हुकापाशी सोडवून तिथेच कापायची आणि आत फक्त काचेचा भाग न्यायचा. नाहीतर काच कोरडी राहिली आणि पोलादाने वीज घरात आणली, असं व्हायचं.

बाहेरून येणारी लाइन

इथे निवड बरीचशी तुमच्या हातात नसते. गल्लीत जो येतो तो येतो. तरी कनेक्शन घेण्याआधी एक प्रश्न विचाराच: डब्यापर्यंत कोणती वायर येणार? 'केबलवाल्याचं इंटरनेट' म्हणजे कोॲक्सवरचं, असं आपण धरतो आणि ते पुष्कळदा खरं नसतं. नागपूर देशातल्या डिजिटल केबलच्या दुसऱ्या टप्प्यात होतं, ३१ मार्च २०१३ची मुदत. तेव्हा सेट-टॉप बॉक्स आले. कोॲक्स टीव्हीपुरती राहिली आणि इंटरनेटची वायर अनेक ठिकाणी वेगळीच, गच्च्यांवरून उड्या मारत आलेली. आटे असलेला गोल पितळी कनेक्टर, मधे सुई, ती कोॲक्स. पारदर्शक क्लिप आणि आठ पिना, ती लॅन. हिरवा चौकोनी, ते फायबर.

कोॲक्सवरच्या इंटरनेटचं 'डॉक्सिस' हे मानक १९९७चं, आणि ते थकलेलं अजिबात नाही. त्याच्या ३.१ आवृत्तीत खाली येणारा (डाउनलोडचा) वेग १० गिगाबिटपर्यंत जाऊ शकतो. दुखणं दोन ठिकाणी. वर जाणारा (अपलोडचा) वेग खूपच कमी, कारण टीव्हीच्या जमान्यात तारेचा मोठा पट्टा खाली येणाऱ्या सिग्नलला दिला गेला. आणि वाटेत खांबांवर ॲम्प्लिफायर असतात, त्यांना वीज लागते. मोहल्ल्याची वीज गेली की तुमचा इन्व्हर्टर चालू असूनही नेट जातं. फायबरच्या जीपॉन पद्धतीत मधे विजेवर चालणारं काहीच नसतं, नुसते काचेचे विभाजक, आणि पल्ला २० किलोमीटरपर्यंत. फायबर म्हणजे तुमच्या एकट्याचं, हाही गैरसमज बरं का. जीपॉनचे खाली येणारे अडीच आणि वर जाणारे सव्वा गिगाबिट ३२ किंवा ६४ घरांत वाटलेले असतात. तरी दोन्ही समोर असतील तर फायबर घ्या.

त्याचं दुखणं दुरुस्तीत आहे. कोॲक्स तुटली तर गल्लीतला कुणीही कनेक्टर लावून देतो. फायबर तुटलं की जोडायचं मशीन घेऊन माणूस यायला हवा. आणि आपल्याकडे रस्ता सिमेंटचा करायला, मग नाली काढायला, मग परत कशालातरी खोदला जातोच. घरून काम करणाऱ्याने मोबाइलच्या हॉटस्पॉटची सोय ठेवावी, बाकी उपाय नाही.

दुकानातल्या कॅमेऱ्यांचं गणित वेगळं

गांधीबागेतल्या एका कापडाच्या दुकानात आठ कॅमेरे होते, सगळे 'थ्री प्लस वन'वर, म्हणजे एक बारीक कोॲक्स आणि सोबत विजेच्या तीन तारा. मालकांना कुणीतरी सांगितलं होतं, सगळं उखडून आयपी, म्हणजे लॅन वायरवर चालणारे, कॅमेरे लावा. मी म्हटलं, "शेठजी, वायर चांगली आहे. कॅमेरे आणि डीव्हीआर बदला, वायर राहू द्या." आताचे एचडी ॲनालॉग कॅमेरे त्याच कोॲक्सवरून स्वच्छ चित्र देतात, आणि शंभर मीटरची मर्यादाही त्यांना नाही. कंपन्या पाचशे मीटर लिहितात. बाजारातल्या हलक्या थ्री प्लस वनवर मी दीडशेच्या पुढे भरवसा ठेवत नाही. दिवाळीच्या तोंडावर थानांच्या मागे झिऱ्या मारत बसण्यापेक्षा हे बरं. नवं दुकान असतं, तर मात्र डोळे मिटून कॅट-सिक्स आणि आयपी कॅमेरे सांगितले असते. एकाच वायरवरून वीज आणि चित्र दोन्ही.

प्रतापनगरात काय केलं

काकांकडे आम्ही आधी वायर हलते का ते बघितलं. वर एकाने धरली, खाली एकाने ओढली. आरजी-६ची जाडी सात मिलिमीटरच्या आसपास, कॅट-सिक्स सहाच्या. म्हणजे एक निघाली की तिच्या जागी दुसरी आरामात जाते, आणि निघणारी वायरच नव्या वायरची दोरी होते. दोन्ही टोकं समोरासमोर, एकावर एक नाही, टेप निमुळती गुंडाळायची, वरून थोडी टाल्कम पावडर. कॅट-सिक्सला अकरा किलोपेक्षा जास्त ताण द्यायचा नाही, नाहीतर आतला पीळ बिघडतो. त्यामुळे ओढणारा एक आणि वरून सोडणारा एक, दोघं लागतात. एकट्याने जोर लावला की गेली.

हॉल ते वरची मधली खोली, सरसर निघाली. हॉल ते मागची खोलीही. मुलगा बसायचा त्या कोपऱ्यातल्या खोलीची मात्र जागची हलेना. पोऱ्याने दोनदा झटके दिले. "भाऊ, हे तर हलूनच नाही राहिलं." स्लॅब भरताना पाइपमध्ये सिमेंटचं पाणी शिरून आत जमलं असणार. वीस वर्षांनी त्याला कोण काय करणार. पाइपमधून वायर ओढायची स्प्रिंग घातली, तीही चार मीटरवर अडली.

मोकाचा विचार केला. मल्टिमीटरने वायर चांगली दाखवली. पण त्याच वायरवर त्या खोलीतल्या टीव्हीची डिश चालू होती, आणि आयपीएल सुरू असताना डिश काढायचा विषय काकांसमोर काढायची माझी हिंमत झाली नाही. पट्टी मारून जिन्यातून नेता आली असती. त्याला काकूंची नापसंती होती, नुकताच रंग दिला होता.

मुलगा इतका वेळ दारात उभा राहून ऐकत होता. तो मला म्हणाला, "काका, मधल्या खोलीत तर वायर आली ना? मग टेबलच तिकडे नेतो न मी." पंधरा मिनिटांत टेबल हललं. क्लिप मारली, लॅपटॉपला लावली, पूर्ण गिगाबिट दाखवलं, कूलर फुल स्पीडवर असताना. मागच्या खोलीतल्या वायरवर वाय-फायचा एक जादा डबा लावला, कोपऱ्यातल्या खोलीतही आता तीन काड्या येतात.

निघालेली तीसेक मीटर कोॲक्स मी गुंडाळून स्टुलाजवळ ठेवली होती. पैसे द्यायला काका आत गेले आणि येताना एका हातात पाकीट, दुसऱ्या हातात ते बंडल. "हे मी ठेवून घेतो. गच्चीवर कपडे वाळवायले चांगलं होईल." मी म्हटलं ठेवा, फक्त टाकीच्या लोखंडी पाइपला बांधू नका, जून जवळ आलाय.